सावडीचा हात

साखरशेत, ९ जून

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद पाठवते आहे. फाडायचा झाला तरी कागद हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतलास की तू वाचणारच. लहानपणी बाजारातून आणलेल्या मिठाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू चुलीत टाकत नव्हतास.

भिवंडीचा पत्ता प्रगतीच्या आईनं दिला. सहज नाही दिला. चंद्रकलामावशी आधी म्हणाली, "जावयाला विचारून सांगते." मग तुला न विचारताच दिला. तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. तिनंच सांगितलं की प्रगतीला दिवस गेलेत आणि ऑगस्टमध्ये बाळंत होईल. ही बातमी मला तिच्याकडून कळावी याचं मला वाईट वाटलं. आईला अजून माहीत नाही.

आता मुद्द्यावर येते. मला इंग्लंडमध्ये, लीड्स नावाच्या शहरात, एमबीएला प्रवेश मिळाला आहे. एक वर्षाचा अभ्यास आहे. शिष्यवृत्ती आहे, त्यामुळे घरातून काही लागणार नाही. सप्टेंबरमध्ये जायचं. अजून मी काही ठरवलेलं नाही, नुसता विचार करते आहे.

जव्हारच्या आमच्या गटाचं काम तू पाहिलेलं नाहीस. मोखाड्याच्या पाड्यांवरून आम्ही नाचणी घेतो, जव्हारला दळतो, बिस्किटं आणि सत्त्व करतो. सगळ्या मिळून चाळीसेक बाया आहेत आणि मी त्यांची मॅनेजर आहे. हसू नकोस. माल चांगला आहे, पण ठाण्याचा व्यापारी तो घेतो, स्वतःच्या नावाच्या पिशवीत भरतो आणि विकतो. आमचं नाव कुठंच नाही. मागच्या वर्षी मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नाव कमवायला शिकावं लागतं." त्यानं टोमणाच मारला होता, पण मी घरी येऊन त्यावर पुष्कळ विचार केला. मला खरंच ते शिकायचं आहे. माल कसा उभा करायचा, दुकानात कसा पोचवायचा, भाव कुणी ठरवायचा. इथं ते शिकवणारं कुणी नाही.

अडचण आईची आहे. बाबा गेल्यापासून ती आणि मी, दोघीच. तिची पाठ आता सरळ होत नाही. भात सोडायला तयार नाही, गुरं विकायला तयार नाही. जव्हारला माझ्याबरोबर खोलीत राहा म्हटलं तर म्हणते, "तिथं मी दिवसभर करू काय, भिंती बघू?" मी वर्षभर गेले तर ती एकटी राहील. पावसात ओढा भरला की तुला माहीत आहे आपला पाडा कसा तुटतो.

म्हणून विचारते आहे. वर्षभरासाठी तू घरी येशील का? प्रगतीला घेऊन.

तू लग्न करून तिला दारात आणलीस तेव्हा आई जे बोलली ते मला पाठ आहे. "खालच्या वस्तीची पोरगी. माझ्या चुलीला तिचा हात लागायचा नाय." त्यावर तू जे बोललास तेही पाठ आहे. त्याला दोन वर्षं झाली. आईनं त्या शब्दांतला एकही मागे घेतलेला नाही, ते मी लपवत नाही. पण ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसून जीपच्या आवाजाकडं कान लावते आणि मी विचारलं तर म्हणते, "वाऱ्याला बसलेय."

उत्तर पाठव. एक ओळ चालेल.

हर्षदा


जव्हार, ४ जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी तुझीच बहीण आहे, मीही चिवट आहे.

पाऊस यंदा वेळेवर धरला. रोप सुंदर उठलंय. आई रोज वाफ्याशी जाऊन उभी राहते आणि त्याच्याशी बोलते, माझ्याशी बोलते त्यापेक्षा जास्त. पुढच्या आठवड्यात आपली आवणी, हे सगळं रोप उपटून खाचरात लावायचं. पाड्यावर सावड सुरू झाली आहे, आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. आई जमेल तिथं जाते. मागची दोन वर्षं तीच एकटी सगळ्यांकडं फिरली, म्हणून आपल्याकडं माणसं आली आणि आपली रोपं लागली.

यंदा घोळ झाला. सोम्याकाका आणि गोदाकाकी यांची आवणी एकाच दिवशी आली. आई म्हणाली, "मी सोम्याकडं जाते, तू गोदाकडं जा." मी हो म्हणून बसले, आणि त्याच दिवशी आमच्या भट्टीचा मिस्त्री यायचा होता. भट्टी आठवडाभर बंद होती आणि ठाण्याला नमुन्याचा माल पाठवायचा होता. चाळीस बायांचं काम माझ्यामुळं अडणं मला पटेना.

मग मी डोकं चालवलं. खालच्या वस्तीवर जाऊन चंद्रकलामावशी आणि तिच्या जावेला, सकूला, विचारलं. दोघींची दिवसाची मजुरी आधीच हातात दिली आणि गोदाकाकीच्या खाचरात पाठवलं. काकीला एक हात द्यायचा होता, मी दोन दिले, आणि तेही माझ्यापेक्षा कितीतरी सरस. मी लावलेलं रोप पाण्यावर तरंगतं, आश्रमशाळेत वाढलेल्या पोरीला आवणी कुठली यायला. जून-जुलै आम्ही कायम वर्गात. घरचा हात द्यायला तू होतास.

यात गंमत पुढं आहे. दुसऱ्या दिवशी चंद्रकलामावशी घरी आली आणि माझे पैसे ओट्यावर ठेवले. काम दोघींनी पुरं केलं होतं. मग पैसे परत का? तर म्हणाली, "गोदानं मजुरी दिली. दोन घरची मजुरी कशी घ्यायची?" म्हणजे गोदाकाकीनं आपल्या पदरचे पैसे दिले! मी म्हटलं, किती मोठ्या मनाची बाई. मावशी काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. पोरीसारखं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. तिचा हा लळा मला नवीनच आहे.

आईला मी हे काही सांगितलं नाही. तिला वाटतंय मी गेले होते. सांगितलं असतं तर मावशी आपल्या ओट्यावर बसून गेली यावरून आधी ऐकावं लागलं असतं.

भट्टी चालू झाली. बिस्किटं छान फुलली. नमुना गेला. तिकडच्या अभ्यासाला लागणारं एक पुस्तक मी मागवलं आहे, त्यात पहिलाच धडा माणसांची आणि कामाची वाटणी कशी करावी यावर आहे. वाचताना मला हसू आलं, हे तर मी परवाच केलं.

प्रगती कशी आहे? खोलीत पाणी भरतं का? एवढं तरी कळव.

हर्षदा


साखरशेत, १० जुलै

दादा,

काल आपली आवणी होती. कुणी आलं नाही.

आईनं पहाटेपासून भाकऱ्या थापल्या. सुकटीची चटणी केली, माणसं पंधरा धरली होती. सोम्याकाकांच्या बैलांनी आदल्या दिवशी चिखल करून ठेवला होता. आम्ही दोघी खाचरात उतरलो, रोप उपटायला लागलो. आई जुड्या बांधत होती आणि दर थोड्या वेळानं वर बघत होती. ऊन वर आलं. समोरच्या बांधावरून गोदाकाकी गेली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायात चिखल. म्हणजे कामालाच निघाली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही.

तेव्हा आईनं मला विचारलं, "गोदाकडं तू गेली होतीस ना?"

मी म्हटलं, "मी दोन बाया पाठवल्या होत्या. मजुरी देऊन."

आई बांधावर बसली. मला वाटलं तिला घेरी आली. मी धावले तर तिनं हातानंच लांब राहा म्हणून खुणावलं. मग म्हणाली, "सावडीला मजूर? तुझा बाप गेला त्या साली दहावा झाला आणि मी खाचरात उतरले होते, गोदाच्याच. डोळ्याला दिसत नव्हतं, तरी उतरले. आणि तू मजूर पाठवलेस."

एवढंच. मग ती उठली आणि रोप लावायला लागली. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातली एक पट्टी लावली. माझी अर्धी रोपं तरंगली, ती तिनं पुन्हा लावली. भाकऱ्या टोपलीतच राहिल्या. रात्री गुरांना घातल्या.

तसं चिखलातून वर येऊन मी सरळ गोदाकाकीच्या दारात गेले होते. म्हटलं, काकी, माझं चुकलं, मला कळलं नाही. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला बसायला दिलं, पाणी दिलं. म्हणाली, "मजूर मनाबी मिळतात गं. मी तुला बोलावली होती. तू तुझ्या कामाला जास्त समजलीस, माझ्या कामाला पैसे पाठवलेस. मग मी ते पैसे माझे दिले. आता तुझा माझा हिशेब नाय." हे सगळं अगदी शांतपणे. चंद्रकलामावशीनं पैसे ओट्यावर ठेवले तेव्हा त्याचा अर्थ हा होता, आणि मी तुला गंमत म्हणून लिहिलं.

तुला ते पत्र वाचताक्षणी कळलं असेल. तू बारा वर्षांचा असल्यापासून या खाचरांत हात दिलेस. चिठ्ठीवर दोन शब्द लिहून पाठवले असतेस, "हर्षे, जा, पाया पड," तर मी वेळेत गेले असते. मला तुझा फार राग आला आहे. हे लिहिताना पण आहे.

आणखी एक. एमबीएच्या अर्जासोबत निबंध द्यायचा होता. तुमच्या समाजातली एखादी पद्धत सांगा, जिच्यातून जगाला शिकता येईल. मी सावडीवर लिहिलं. पैसा न वापरता माणसं एकमेकांचं काम कसं करतात, त्यावर दीड पान. मुलाखतीत तिकडच्या बाई म्हणाल्या की निबंध त्यांना फार आवडला. त्यावरच मला घेतलं असेल, कुणास ठाऊक. लाज वाटते आहे.

आणि पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की अजून ठरवलं नाही. ते खरं नव्हतं. मी मेमध्येच हो कळवून बसले आहे.

हर्षदा


साखरशेत, १४ जुलै

दादा,

आईला कळलं. माझ्याकडून नाही.

रोप वाढत चाललंय. आईला राहवेना, ती मला घेऊन सोम्याकाकांकडं गेली. पाड्याचं सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. ती हात जोडून उभी राहिली. आपली आई, दादा. म्हणाली, पोरगी चुकली, तिला ठावं नव्हतं, रोप जून होईल.

काका वाईट बोलले नाहीत. पण म्हणाले, "पोशी, राग नाय. राग असता तर एक दिवसात गेला असता. पण सावड करायची कुणाशी? तुझी पाठ वाकली. कमलेश येत नाय. आणि ही तर इंग्लंडला चाललीय. तुझ्या घरातून आता हात कुणाचा धरायचा?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. इंग्लंड म्हणजे कुठं हे तिला माहीत नाही, पण चाललीय हे तिला कळलं. आमच्या गटातल्या बायांना मी सांगितलं होतं, त्यांच्याकडून गावभर झालं होतं. सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून.

परत येताना ती पुढं चालत होती. घरी आल्यावर मी समजवायला लागले, शिष्यवृत्ती, वर्षभरच, मग परत येऊन गटाचं काम मोठं करीन.  ती म्हणाली, "जा ना. मी कुठं धरलीय?" त्यानंतर कामापुरतंच बोलते. "गुरं सोड," "भाकर घे," बस्स.

मी म्हटलं, मजूर लावू या, पैशाचं मी बघते. त्यावर ती पहिल्यांदा ओरडली. "मजूर लावून आवणी केली की गावाला कळलं, या घराला माणसं नकोत. मग मेल्यावर खांद्याला पण मजूर आण." म्हणून रोज ती आणि मी उतरतो आणि एक एक पट्टी लावतो. असं चाललं तर निम्मं खाचर ओसाड राहील. रोपाला पेर धरायला लागलंय.

मला वाटलं होतं तराजूच्या एका पारड्यात माझं काम आहे, दुसऱ्यात आई आहे, आणि हुशारीनं दोन्ही जमवता येतील. तसं नाही. मी इथं असतानाच घरचा हात होऊ शकले नाही, तर तिकडून कुठली होणार? उद्या जव्हारला जाऊन लीड्सला कळवून टाकते, येत नाही म्हणून. इथं पाड्यावर रेंज धड नाही आणि असलं काही अर्धवट जायला नको. आईला सांगणार नाही. तिला वाटेल मी तिच्यावर उपकार करते आहे.

तुला हे का लिहिते? कारण दुसऱ्या कुणाला लिहू. तू तरी वाचतोस, असं मी धरून चालले आहे.

हर्षदा


साखरशेत, १९ जुलै

दादा,

मी जव्हारला गेले नाही. सांगते.

पंधरा तारखेला सकाळी मी पिशवी घेऊन निघाले होते, तर पायवाटेवरून चंद्रकलामावशी येताना दिसली. मागं सकू, आणि वस्तीवरच्या आणखी तिघी. सगळ्यांनी साड्या खोचलेल्या. मी विचारायच्या आत मावशी म्हणाली, "चल मागं. खाचरात चल."

आई खाली वाकलेली होती. पाच जणी बांधावर उभ्या राहिल्या तरी तिनं मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "मजुरी द्यायला माझ्याकडं नाय."

"मजुरीला नाय आलो," मावशी म्हणाली. "सावडीला आलो."

तेव्हा आई उठून उभी राहिली. मला भीती वाटली. आपल्या पाड्यावर आजवर त्यांना सावडीला कुणी बोलावलेलं नाही, कधीच. जमीन नाही, तर हात परत कुठं घेणार, असं सगळे म्हणतात आणि खरं कारण बोलत नाहीत. आईनंही तेच विचारलं. "तुमचं खाचर कुठं हाय? मी हात फेडू कुठं?"

मावशीनं हे घरून ठरवून आणलं होतं, असं आता वाटतं. ती म्हणाली, "माझ्या पोरीचे दिवस भरत आलेत. भिवंडीच्या खोलीत एकटी हाय. जावई गोदामात दिवसभर. मी जाऊन बसले तर इथं माझं घर उपाशी. तू जा. तिला न्हाऊ घाल, पोराला न्हाऊ घाल. हात मना नको देऊ, तिला दे. तू विहीण हायेस माझी."

 तुला माहीत आहे, तुझं लग्न झालं हेच आईनं मानलेलं नाही, तर विहीण कुठली. पण तिच्यापुढं उभ्या पाच बाया होत्या आणि मागं जून होत चाललेलं रोप होतं, आणि सावडीला आलेल्या माणसाला बांधावरून परत पाठवणं तिच्यानं होणार नव्हतं. गोदाकाकीनं तर माझ्या मजुरांनाही परत पाठवलं नव्हतं.  आई वाकली, रोपाची एक जुडी उचलली आणि तिच्या हातात दिली. म्हणाली, "त्या कडेनं धरा. तिकडं पाणी जास्त हाय."

चार दिवस लागले. त्या गातात काम करताना, तुला ठाऊकच असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी धो धो पाऊस आला. सगळ्या घरात येऊन ओट्यावर दाटीनं बसल्या, थंडीनं कुडकुडत होत्या. आईच्या हाताची बोटं वाकत नव्हती, काडी पेटेना. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, सरळ मावशीला म्हणाली, "विहीणबाय, आत या. चूल पेटवा." मावशी उंबऱ्यावर थांबली. आईला पुन्हा सांगावं लागलं. मग ती आत गेली.

मी दाराशीच उभी होते, मला रडू आलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून मी पावसात जाऊन उभी राहिले. चहा मात्र अतिशय गोड झाला होता.

तिसऱ्या दिवशी गोदाकाकी बांधावर आली. बघत उभी राहिली. मावशीला म्हणाली, "अगं, इतकी दाट नको लावू." आणि खाली उतरली. का उतरली ते विचारायचं धाडस मी केलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन लावायला लागले. तिनं माझं रोप उपटलं आणि मला बोटं कशी धरायची ते दाखवलं.

आवणी संपली त्या संध्याकाळी आई आपण होऊन बोलली. पाय धूत होती. "तिकडं किती दिवस?" मी म्हटलं, एक वर्ष. म्हणाली, "जा. पण तिकडून मना पैसे नको पाठवू. पाठवलेस तर गोदासारखी परत पाठवीन. तू ये." मी म्हटलं, पुढच्या आवणीला मी नसेन. म्हणाली, "ते ठाव हाय."

लीड्सला मी काहीही कळवलेलं नाही.

हर्षदा


जव्हार, ११ ऑगस्ट

दादा,

हे पत्र आईबरोबरच पाठवते आहे, म्हणजे तुला ते देणारी बाई तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला आत घे, मग वाच. जव्हारहून एसटीनं येते आहे, चंद्रकलामावशी सोबत आहे, ती पोचवून दुसऱ्या दिवशी परत येईल. आई सव्वा महिना राहणार. गटातल्या बाया आळीपाळीनं आपली गुरं बघणार आहेत आणि सोम्याकाका खाचराचं पाणी.

तू काय समजशील ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. ती माफी मागायला येत नाहीये. तसं तुझ्या तोंडावर म्हणेलही, "हात फेडायला आलेय." तू तेवढंच धर. जुनं उकरू नकोस. ती वहिनीशी पहिले दोन दिवस बोलणार नाही, गरम पाणी मागेल आणि तेल मागेल. वहिनीला सांग, द्यावं. आई बाळंतिणीला अंग चोळताना फार जोर लावते, मावशीनंही हे सांगून ठेवलंय, पण हात चांगला आहे.

पत्रं मिळाली एवढंच तू मावशीच्या फोनवर कळवलंस. मी तो मेसेज तिच्या फोनवर पुन्हा पुन्हा वाचला. सगळी मिळाली का, की मधलं एखादं गेलं, हे विचारायचं होतं, पण राहू दे.

मी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघते. विमानतळावर येऊ नकोस. तो दिवस मोडून वहिनीला आणि बाळाला घेऊन साखरशेतला जा, आई त्याच सुमारास तुमच्याबरोबर परत निघेल. मी तेव्हा घरात नसेन. तुम्हाला सगळ्यांना एकत्र ओट्यावर बसलेलं मला बघायला मिळणार नाही, याचं फार वाईट वाटतं, दादा. गेली दोन वर्षं मी दुसरं काही मागितलेलं नाही. पण मी थांबले तर तुम्ही यायला आणखी वर्ष लावाल, आणि आई म्हणेल हर्षदा आहे ना. मी गेले तरच त्या घराला तुमची गरज लागेल. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

ठाण्याच्या व्यापाऱ्यानं नमुना पास केला. परत आले की पिशवीवर नाव आमचं असेल, असं मी बायांना सांगून ठेवलंय. त्यांनी विश्वास ठेवला आहे. त्याचंही ओझं आहे.

काल निघायच्या गडबडीत गोदाकाकी आली. आईला वाटेसाठी नाचणीच्या भाकऱ्या आणल्या होत्या. सोम्याकाकाही ओट्यावर होते. जाता जाता काकीनं आईला विचारलं, पुढल्या साली माझ्याकडं तुझ्या घरचं कोण येणार. काका मान खाली घालून तंबाखू मळत राहिले. मी मध्ये बोलणार होते, पण आईनं मला हातानं गप्प केलं.

आई म्हणाली, "माझी सून येईल."

काकीनं विचारलं, "नाव काय तिचं?" तिला माहीत आहे, दादा. सगळ्या पाड्याला माहीत आहे. दोन वर्षं सगळे ते नाव कुजबुजत बोलतात. पण तिनं विचारलं, काकांसमोर, आणि उत्तरासाठी थांबून राहिली.

आईनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं सांगितलं, "प्रगती."

हर्षदा